पेट्रोलचे सोडा, उभ्या गाडीचा खर्च मोजा

महोदय,

मोठ्या इंजिनाच्या स्पोर्ट्‌स कारवर आपल्या पुरवणीत आलेला लेख आणि त्यावरची पत्रे वाचली. एक बाजू म्हणते, हा पेट्रोल पिणारा राक्षस आहे. दुसरी म्हणते, हौसेला मोल नसते. भांडण जुंपले ते ॲव्हरेजवरून आणि तिथेच विझले. अशी गाडी घ्यावी की नाही, असा घोळ ज्याच्या डोक्यात खरोखरच चालू आहे त्याच्या हाती यातून काही लागत नाही. पेट्रोल हा या गाडीचा सगळ्यात सरळमार्गी खर्च आहे. जेवढी चालवाल तेवढाच तो पडतो आणि त्याची मजा तिथल्या तिथे वसूल होते. मालकाला घोर लावतात ते खर्च वेगळेच. काही गाडी जागेवर उभी असतानाही चढत जातात, तर काही जुन्या गाडीला नव्या गाडीच्या दराने येतात.

तरी ॲव्हरेजचा विषय आधी उरकू. इंजिन मोठे म्हणजे पिणार जास्त, हे ढोबळमानाने खरे आहे, पण लिटरच्या आकड्यावरून निकाल देता येत नाही. २००५ ते २०१० या काळातल्या बीएमडब्ल्यू एम५ ला ५ लिटरचे व्ही१० इंजिन होते, म्हणजे व्हीच्या आकारात दोन ओळींत दहा सिलिंडर. (गाडी चार दारांची, पण मिजास सगळी स्पोर्ट्‌स कारची.) अमेरिकी सरकारी आकड्यांप्रमाणे ती लिटरला शहरात साधारण ४.७ आणि महामार्गावर ७.२ किलोमीटर देते. त्याच सुमाराच्या शेवरोले कॉर्व्हेट झेड०६ चे व्ही८ इंजिन तब्बल ७ लिटरचे आहे. ताकद जवळपास तेवढीच, सुमारे ५०० हॉर्सपॉवर, आणि तिचे आकडे ६.४ आणि १०.२. दोन लिटर जास्त असूनही कमी पिते, कारण एम५ मध्ये १० सिलिंडर, ४० झडपा आणि ४ कॅमशाफ्ट (झडपा उघडणारे दांडे) आहेत, तर कॉर्व्हेटमध्ये ८ सिलिंडर, १६ झडपा आणि एकच कॅमशाफ्ट. एकमेकांवर घासणारे भागच मुळात कमी. वजनही तीनशे किलोंहून जास्त कमी. वर तिचा सहावा गिअर इतका लांब ठेवला आहे की ताशी १०० किलोमीटरला इंजिन मिनिटाला जेमतेम १३०० ते १४०० फेरे घेते.

उलट शहरात दोघींचेही हाल. सपाट रस्त्यावर एका चालीत ताशी १०० ने जायला वीसेक हॉर्सपॉवर पुरतात, सिग्नलच्या रांगेत त्याहून कितीतरी कमी. पाचशेची ताकद असलेले इंजिन तेव्हा थ्रॉटल (हवा आत सोडणारे पान) जवळजवळ बंद ठेवून चालत असते. नाक चिमटीत धरून श्वास ओढावा तशी त्याची स्थिती असते आणि हवा आत ओढण्यातच बरेच इंधन वाया जाते. नुसते उभे राहूनही मोठे व्ही८ तासाला दीड-दोन लिटर सहज जाळते. एक लिटर पेट्रोल जळले की साधारण २.३ किलो कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. लिटरला ५ किलोमीटर धरले तर दर किलोमीटरला ४६० ग्रॅम. गाडीवर प्रेम करणाऱ्यांनी हा आकडा ऐकताना दुसरीकडे बघू नये.

आता मौजेकडे. आपल्या लेखात सगळा भर वेगावर होता आणि तिथेच तो फसला. मोठ्या इंजिनाची खरी चैन कमी वेगात असते. तिसऱ्या गिअरमध्ये ताशी ४० ने चाललेली गाडी गिअर न बदलता, गुरगुर न करता, पाय दाबला की लगेच पुढे सरकते. टर्बो, म्हणजे हवा दाबून भरणारा पंखा, नसलेल्या इंजिनात पायाचा दाब आणि गाडीची ओढ यांच्यामध्ये वाट पाहणे नसते. एम५ च्या त्या इंजिनात प्रत्येक सिलिंडरला स्वतंत्र थ्रॉटल होते, म्हणजे एकूण दहा. हवा अडवणारे पान सिलिंडरच्या तोंडाशीच असल्याने पायाचा अंगठा हलला तरी इंजिनाला कळते. ही सहजता छोट्या इंजिनाला टर्बो लावून आजही पूर्णपणे साधलेली नाही. आकडे जुळतात, स्वभाव जुळत नाही. मर्सिडीजच्या सी६३ मध्ये आधी ६.२ लिटरचे व्ही८ होते, मग ४ लिटरचे दोन टर्बोंचे व्ही८ आले आणि २०२२ मध्ये २ लिटरचे चार सिलिंडरचे इंजिन आणि विजेची मोटर अशी जोडी आली. कागदावर ही शेवटची जोडी सगळ्यात ताकदवान आहे. तरीही सेकंडहँड गिऱ्हाईक पहिल्या ६.२ लिटरचा शोध घेत फिरते, ते उगाच नाही.

आवाजाचे गणित तर कागदावरही मांडता येते. चार फटक्यांच्या (फोर-स्ट्रोक) इंजिनात प्रत्येक सिलिंडर क्रँकच्या, म्हणजे पिस्टन ज्याला फिरवतात त्या मुख्य दांड्याच्या, दोन फेऱ्यांत एकदा पेटतो. मिनिटाला ६००० फेऱ्यांना चार सिलिंडरचे इंजिन सेकंदाला २०० वेळा पेटते, व्ही८ ४०० वेळा, व्ही१२ ६०० वेळा. दर दुपटीला सूर एक सप्तक वर चढतो. म्हणून व्ही१२ गाते आणि चार सिलिंडर तेवढ्याच फेऱ्यांना घोगरे वाटते. पण सगळी व्ही८ सारखी वाजत नाहीत. कॉर्व्हेटसारख्या अमेरिकी व्ही८ मध्ये क्रँकच्या पिना एकमेकींशी ९० अंशांवर असतात. त्यामुळे एकाच बाजूचे दोन सिलिंडर कधी लागोपाठ पेटतात, कधी मध्ये खंड पडतो, आणि त्या बाजूच्या सायलेन्सरमधून ठोके असमान अंतराने बाहेर येतात. ती ओळखीची गडगड म्हणजे हा बिघडलेला ताल. फेरारीच्या व्ही८ मध्ये पिना १८० अंशांवर असतात, ठोके डावी-उजवी असे आळीपाळीने पडतात आणि आवाज किंकाळीकडे झुकतो. त्याची किंमत कंपनांत मोजावी लागते. २०२३ च्या कॉर्व्हेट झेड०६ ने ५.५ लिटरचे असेच सपाट क्रँकचे इंजिन घेतले, तेव्हा जुन्या गडगडीचे चाहते हळहळले. हा वाद मिटणारा नाही आणि मिटू नये.

वेगाची बाजू मात्र विचित्र आहे. त्या ७ लिटरच्या झेड०६ मध्ये पहिला गिअर शेवटपर्यंत ताणला तर गाडी ताशी १०० च्या आसपास पोचते. पहिलाच गिअर! पुढचे पाच बहुतेक रस्त्यांवर शोभेला. एम५ तर सुरू केली की आपोआप ४०० हॉर्सपॉवरवर उघडते, पूर्ण ५०० हवी तर बटण दाबावे लागते. बनवणाऱ्यांनीच रोजच्या वापराला शंभर कापून ठेवावेत, यातून घ्यायचा तो अर्थ घ्यावा. ज्याला वळणांची हौस आहे, गिअर बदलायची आणि गाडी मर्यादेवर खेळवायची हौस आहे, त्याने हजार-अकराशे किलोंची माझ्दा एमएक्स-५ घ्यावी. परवान्याला धक्का न लावता तिथे रोज जास्त मजा मिळेल. मोठे इंजिन घ्यावे ते ओढीसाठी, आवाजासाठी आणि त्या यंत्राच्या कारागिरीसाठी.

त्या यंत्राची पहिली मागणी असते तेलाची. छोट्या गाडीत साडेतीन-चार लिटर तेल जाते, इथे आठ ते दहा. एवढे तेल तापायला वेळ लागतो. पाण्याचा काटा पाच मिनिटांत मध्यावर येतो आणि माणूस फसतो. तेल ८० अंशांला यायला पंधरा मिनिटे लागू शकतात. एम५ च्या टॅकोमीटरवर (इंजिनाचे फेरे दाखवणाऱ्या तबकडीवर) यासाठी नारिंगी पट्टा असतो. थंड असताना तो खालपर्यंत पसरलेला असतो आणि तेल तापेल तसतसा वर सरकतो. ज्या गाडीत असा पट्टा नाही तिथे तो आपल्या डोक्यात बसवावा. पहिली पंधरा मिनिटे ३००० फेऱ्यांच्या वर जायचे नाही. गाडी जागेवर उभी ठेवून तापवू नये, त्याने पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरून तेलात उतरते. हळू चालवत तापवावी.

या पथ्याचे कारण पिस्टन आणि क्रँक जोडणाऱ्या कनेक्टिंग रॉडच्या बेअरिंगमध्ये आहे. तिथे गोळ्यांचे बेअरिंग नसते, अर्धगोल पातळ पत्र्याचे दोन शेल असतात. शेल आणि क्रँकची पिन यांच्यामधली फट मिलिमीटरच्या काही शतांशांची आणि त्या फटीत तेलाचा थर. थर आहे तोवर धातूला धातू लागत नाही. एम५ च्या त्या व्ही१० मध्ये फट तशीच तंग आणि तेल १०डब्ल्यू-६० म्हणजे जाड. थंड इंजिन रेस केले की जाड तेल वेळेवर पोचत नाही आणि शेलचा वरचा मुलामा खरवडला जातो. या इंजिनांची बेअरिंगे ७०-८० हजार किलोमीटरलाच झिजलेली निघाल्याची उदाहरणे हौशी मंडळींत आणि मेकॅनिक लोकांत पाठ आहेत. म्हणून जाणकार मालक कंपनीने सांगितलेले लांब अंतर धरत नाहीत आणि १० हजार किलोमीटरला किंवा वर्षाला, जे आधी येईल तेव्हा, तेल बदलतात. जुना फिल्टर फेकून देऊ नये. त्याचे कवच किंवा कागदी घडी कापावी, कागद पंख्यासारखा उलगडून उजेडात धरावा. बारीक करडी पूड चालते. नखाने जाणवणारे चमकदार कण दिसले तर गाडी तिथेच उभी करावी. तेलाचा नमुना प्रयोगशाळेत दिला तर तांबे आणि शिसे किती उतरले तेही कळते, आणि एका आकड्यापेक्षा दोन-तीन बदलांमधला चढ जास्त बोलतो.

बेअरिंग वेळेवर बदलायचे तर इंजिन उतरवावे लागत नाही. ते वरून तोलून धरायचे, खालची चौकट आणि तेलाची सम्प (तळाचे भांडे) काढायची आणि एकेक रॉडची टोपी उघडायची. रॉडचे बोल्ट ताणून बसवलेले असतात, ते पुन्हा वापरायचे नसतात. इथे बचत करणाऱ्याने आधीच मोडीचा दर विचारून ठेवावा. वेळ टळली की आतून ठोका ऐकू येऊ लागतो, आणि एकदा ठोका आला की शेलबरोबर क्रँकही गेलेला असतो. तेव्हा बोलणे बेअरिंगचे राहत नाही, इंजिनाचे होते.

ज्या गाड्यांत तेल वेगळ्या टाकीत असते त्यांच्यात पातळी बघण्याची रीतही वेगळी. त्या ७ लिटरच्या कॉर्व्हेटमध्ये इंजिन पूर्ण गरम करून, बंद करून काही मिनिटांतच तेल मोजायची काडी बघायची. रात्रभर उभ्या गाडीत तेल टाकीतून खाली झिरपते, काडी रिकामी दिसते, भला माणूस लिटरभर वर ओततो आणि ते जास्तीचे तेल मग हवेच्या नळीतून निळ्या धुरावाटे बाहेर येते. तेल खाणे हाही यांचा स्वभाव. हजार-दीड हजार किलोमीटरला लिटरभर तेल अनेक कंपन्या चालण्याजोगे मानतात. डिकीत एक डबा असावाच.

दुसरी गोष्ट उष्णतेची. जाळलेल्या पेट्रोलमधून फार तर एक तृतीयांश ऊर्जा चाकांकडे जाते. उरलेली रेडिएटर आणि सायलेन्सर यांच्यावाटे फेकायची असते. बुगाटी वेरॉनला १००१ हॉर्सपॉवरसाठी दहा रेडिएटर लागले ते याचसाठी. १९९२ च्या पहिल्या डॉज व्हायपरमध्ये ८ लिटरच्या व्ही१० चे सायलेन्सर दारांच्या खाली होते आणि उतरताना पोटरी भाजून घेणे हा मालकीचाच भाग होता. बॉनेटखाली दाटीवाटीने बसवलेल्या इंजिनात या उष्णतेचा बळी जातो तो रबर आणि प्लॅस्टिकचा. कूलंटच्या प्लॅस्टिक नळ्या कडक होऊन तडकतात, झडपांवरच्या झाकणाची गॅस्केट सुकते आणि तेल धूर बाहेर नेणाऱ्या गरम मॅनिफोल्डवर ठिबकून जळका वास येतो, इंजिनाचे रबरी माउंट बसतात. टर्बो दोन ओळींच्या मधल्या खोबणीत ठेवलेल्या व्ही८ मध्ये हे अधिकच, कारण भट्टीच मध्यभागी. यातला एकेक भाग स्वस्त असतो. तिथपर्यंत हात पोचवण्याची मजुरी महाग असते. दोन रुंद बोटे जातील एवढ्या जागेत बसलेली नळी बदलायला आधी हवा आत नेणारे इन्टेक मॅनिफोल्ड उतरवावे लागते. म्हणून शहाणा मेकॅनिक एकदा उघडले की आजूबाजूचे सगळे रबर एकदमच बदलतो. बिल बघून मालक चिडतो. चिडू नये.

थेट सिलिंडरमध्ये पेट्रोल फवारणाऱ्या इंजिनांत आणखी एक कटकट आहे. जुन्या पद्धतीत पेट्रोल झडपेवरून वाहत जाऊन ती धुतली जायची. आता झडपेच्या मागच्या बाजूवर तेलाच्या वाफेचा काळा थर चढतो, हवा अडते आणि वरच्या फेऱ्यांतली ताकद हळूहळू कमी होते. कुठला दिवा लागत नाही, म्हणून वर्षानुवर्षे कळतही नाही. पेट्रोलमध्ये औषध टाकून उपयोग शून्य, कारण पेट्रोल तिथून जातच नाही. मॅनिफोल्ड काढून अक्रोडाच्या कवचाचा भुगा हवेच्या दाबाने मारून तो थर खरवडतात. कवच कार्बनपेक्षा कठीण आणि धातूपेक्षा मऊ असते, झडपेला ओरखडा येत नाही.

आता उभ्या गाडीकडे, कारण फसगत इथेच होते. ‘मी वर्षाला दोन हजार किलोमीटरच चालवणार, मग खर्च कसला?’ हा प्रश्न ऐकला की समजावे, माणूस अजून खरेदीच्या आधीचा आहे. फेरारी टेस्टारोसाच्या ५ लिटरच्या आडव्या बारा सिलिंडर इंजिनाचे टायमिंग बेल्ट (झडपांची वेळ सांभाळणारे पट्टे) रबरी आहेत. किलोमीटर शून्य असले तरी ते ठरावीक वर्षांनी बदलावे लागतात आणि त्यासाठी अख्खे इंजिन खाली उतरवावे लागते. बेल्ट तुटला तर झडपा पिस्टनवर आपटतात. साखळीचे इंजिन असले तरी सुटका नाही. कुलूपबंद गाडीचा अलार्म आणि संगणक मिळून ४० मिलिॲम्पिअर घेत असतील तर दिवसाला जवळजवळ १ अॅम्पिअर-तास जातो. ८० ची बॅटरी सहा आठवड्यांत निम्मी होते. अशा बॅटरीवर सेल्फ मारला की डॅशबोर्डवर दहा-बारा खोटे दोष उमटतात आणि मालक वर्कशॉपकडे धावतो. बॅटरी भरलेली ठेवणारा छोटा चार्जर कायम जोडून ठेवला की हा सगळा तमाशा टळतो. ब्रेकचे तेल हवेतला ओलावा पितेच. कोरडे असताना डॉट-४ या प्रतीच्या तेलाचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश असतो, ओलावल्यावर तो १५५ पर्यंत उतरू शकतो. दोन वर्षांनी बदलायचे, गाडी चालो न चालो. इथेनॉल मिसळलेले पेट्रोल महिनोन्‌महिने पडून राहिले की तेही ओलावा धरते. टाकी पूर्ण भरून ठेवावी, म्हणजे वर हवेला जागा कमी. आणि दर पंधरवड्याला नुसते सुरू करून पाच मिनिटांत बंद करणे हा सगळ्यात वाईट उपाय. तेल तापत नाही, आत जमलेले पाणी उडत नाही, सायलेन्सरमध्ये साठते. काढली तर अर्धा-पाऊण तास फिरवावी, नाहीतर हात लावू नये.

टायरचेही तेच. झेड०६ ला पुढे २७५/३५ झेडआर१८ आणि मागे ३२५/३० झेडआर१९ टायर होते. मापे वेगळी, त्यामुळे पुढचे मागे फिरवून आयुष्य वाढवण्याची युक्ती चालत नाही. पाचशे हॉर्सपॉवर दोनच चाकांवर आली की मागची जोडी १०-१५ हजार किलोमीटरला संपते, हौशी पाय असेल तर त्याआधी. बघताना बाहेरून बघून चालत नाही. चाके आतल्या बाजूला किंचित कललेली असतात, म्हणून बाहेरची नक्षी ठणठणीत आणि आतल्या कडेला तारा उघड्या असा प्रकार नेहमीचा. गाडी वळवून उभी करावी, हात चाकाच्या मागून आत घालावा आणि कडेवरून फिरवावा. कमी चाललेल्या गाडीत झीज नसते, पण रबर कडक झालेले असते. टायरच्या भिंतीवर चार आकडी शिक्का असतो. २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. सहा वर्षांपलीकडचा टायर या ताकदीखाली ठेवू नये, नक्षी कितीही खोल असो. चारही चाकांना ताकद जाणाऱ्या गाडीत एक टायर फाटला तर बहुतेक वेळा दोन, कधी चार बदलावे लागतात, कारण घेरातला फरक मधल्या क्लचला सतत घासत ठेवतो.

ब्रेकबद्दल एकच गणित. १७०० किलोंची गाडी ताशी २०० वरून थांबवताना जेवढी उष्णता डिस्कमध्ये जाते तेवढीत जवळजवळ आठ लिटर गार पाणी उकळीला येईल. ताशी १०० वरून थांबताना याच्या चौथाई. लोखंडी डिस्कच्या कडेवर किमान जाडीचा आकडा कोरलेला असतो, तो मोजून बघावा. कार्बन सिरॅमिक डिस्क रस्त्यावर फारशा झिजत नाहीत आणि हलक्या असतात, पण चाक काढताना रिम आपटून कडेचा टवका उडाला की डिस्क गेली, आणि एका डिस्कची किंमत ऐकून माणूस खाली बसतो. रस्त्यावरच चालवायची असेल तर लोखंडीच बरी.

क्लचची गोष्ट थोडक्यात. एका क्लचची स्वयंचलित गिअरपेटी असलेल्या गाड्यांत चढावर रिव्हर्स घेणे आणि रांगेत इंच-इंच सरकणे या दोन गोष्टी क्लच प्लेट जाळतात. पुढच्या गाडीशी अंतर पडू द्यावे, मग एकदम पुढे जावे. कॉर्व्हेटसारखी गिअरपेटी मागे असेल तर क्लचसाठी मागची चौकट उतरवावी लागते. मग त्याच उघडण्यात फ्लायव्हीलही तपासून घ्यावे. विम्याचे म्हणाल तर हप्ता मोठा असतोच. त्याहून महत्त्वाचे म्हणजे ट्रॅकवरचा अपघात सहसा विम्यात धरला जात नाही, ते कलम सही करण्याआधी वाचावे.

आणि मिसफायर, म्हणजे एखादा सिलिंडर न पेटणे. इंजिनाचा दिवा नुसता लागला तर घरी पोचता येते. तो लुकलुकू लागला तर पाय काढून गाडी बाजूला घ्यावी. न जळलेले पेट्रोल धूर स्वच्छ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन जळते आणि आतली जाळी वितळते. त्या जाळीवर प्लॅटिनम, पॅलेडियम आणि ऱ्होडियम असते, आणि व्ही इंजिनाला असे कन्व्हर्टर सहसा किमान दोन असतात. एका इग्निशन कॉइलचा बिघाड अर्धा तास ओढत नेला म्हणून हा खर्च ओढवून घेणारे कमी नाहीत.

हे सगळे नव्या गाडीच्या पहिल्या मालकाला फारसे भोवत नाही. त्याला मोठा फटका बसतो तो किंमत उतरण्याचा आणि तो त्याने बहुधा गृहीत धरलेला असतो. बुडतो तो तिसरा-चौथा मालक. आठ-दहा वर्षांनी ही गाडी साध्या नव्या गाडीच्या भावात येते आणि मोह होतो. पण गाडीची किंमत उतरते तशी तिच्या सुट्या भागांची उतरत नाही. शॉक ॲबसॉर्बर, डिस्क, क्लच, कन्व्हर्टर यांना गाडीचे वय माहीत नसते; ते तिच्या पहिल्या किमतीच्या हिशेबानेच येतात. म्हणून खरेदीला ठेवलेल्या पैशांतला निदान पाचवा हिस्सा पहिल्याच वर्षासाठी बाजूला काढावा. तो काढून जी गाडी परवडत नाही ती परवडत नाही. स्वस्त, मोडकळलेली आणि ‘थोडे काम आहे’ म्हणून विकली जाणारी घेण्यापेक्षा जास्त किलोमीटर झालेली पण दर वर्षीची बिले असलेली घ्यावी. ४० हजार किलोमीटर झालेली, पाच वर्षे झाकून ठेवलेली गाडी जाहिरातीत छान दिसते. तिच्यातले बेल्ट, नळ्या, टायर, ब्रेकचे तेल हे सगळे आपल्याच पैशाने बदलायचे असते.

बघायला जाताना विकणाऱ्याला आधीच सांगावे की आम्ही येईपर्यंत गाडी सुरू करू नका. बॉनेट उघडून पहिल्यांदा इंजिनाच्या झाकणावर तळहात ठेवावा, मग कूलंटची पातळी बघावी, मग कानावर रेडिओ नको, गप्पा नकोत, फक्त सेल्फ मारायचा. थंड सुरुवातीला आवाज मोठा असणारच. कन्व्हर्टर लवकर तापावा म्हणून फेरे मुद्दाम वाढवलेले असतात. ऐकायचे ते पहिल्या तीन-चार सेकंदांतले: साखळीची खडखड, झडपांच्या बाजूची टकटक, एखादा सिलिंडर उशिरा पेटणे. हे आवाज तेल चढले की लपतात आणि गरम इंजिनात अनेकदा येतच नाहीत. कुणी दुसऱ्याने मागे उभे राहून धूर बघावा. निळा असेल तर तेल, पांढरा असून विरत नसेल आणि गोडसर वास येत असेल तर कूलंट. आणि तळहाताला झाकण कोमट लागले, तर पुढचे काहीच बघत बसू नये. उद्या सकाळी येतो म्हणावे आणि निघावे.

– एक वाचक